कार्याधारित भाषाशिक्षण: पहिला तास कसा आखावा आणि कसा घ्यावा

भाषेच्या वर्गात बहुतेक शिक्षक स्वतः ज्या क्रमाने शिकले, त्याच क्रमाने शिकवू लागतात. आधी नियम सांगायचा, त्यावर रिकाम्या जागा भरून घ्यायच्या आणि वेळ उरलाच तर त्या नियमाचा उपयोग करून विद्यार्थ्यांना काही बोलायला लावायचे. वेळ बहुधा उरत नाही. कार्याधारित शिक्षणात हा क्रम उलटतो. विद्यार्थ्यांपुढे प्रथम एक काम ठेवले जाते, ते पार पाडताना त्यांना हाताशी असेल ती भाषा वापरावी लागते आणि ती नेमकी कोठे तोकडी पडली हे त्यांच्या ध्यानात आल्यानंतरच शिक्षक व्याकरणाकडे वळतो.

हा लेख असा तास पहिल्यांदाच घेऊ पाहणाऱ्या शिक्षकासाठी आहे. उदाहरणे मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या प्रौढांच्या वर्गातली घेतली आहेत, कारण त्यांतल्या चुका वाचकाला चटकन ओळखता येतील; रीत मात्र कोणत्याही भाषेच्या वर्गाला तीच लागू पडते. ‘कार्य’ हा शब्द येथे ‘टास्क’ या अर्थाने वापरला आहे. शिक्षक आपापसांत सर्रास ‘टास्क’ असेच म्हणतात आणि तसे म्हणण्यात काही बिघडत नाही.

कार्य आणि सराव

‘दोन खोल्यांची तुलना करणारी पाच वाक्ये लिहा’ हा सराव झाला. ‘या तीन खोल्यांपैकी या माणसाला कोणती योग्य ठरेल ते ठरवा’ हे कार्य झाले. दोन्हींत ‘पेक्षा’ वापरावे लागण्याची शक्यता आहे, पण पहिल्यात ते वापरणे हाच हेतू आहे, तर दुसऱ्यात खोली ठरवणे हा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक रॉड एलिस यांनी कार्य ओळखण्याच्या ज्या कसोट्या मांडल्या आहेत, त्यांचा आशय असा की लक्ष प्रामुख्याने अर्थावर असावे. बोलणाऱ्यांमध्ये काही तफावत असावी, जी भरून काढण्यासाठी संवाद करणे भाग पडेल. विद्यार्थ्यांनी स्वतःजवळची भाषा वापरावी, पुढ्यात ठेवलेली वाक्ये म्हणून दाखवू नयेत. आणि शेवटी भाषेव्यतिरिक्त काहीतरी निष्पन्न व्हावे, जसे की एखादी यादी, निर्णय किंवा पुरा झालेला नकाशा. नवख्या शिक्षकाचे पाऊल बहुधा या शेवटच्या कसोटीवर घसरते. ‘प्रवासाविषयी चर्चा करा’ असे सांगितल्यावर वर्ग काही वेळ बोलतो, मग गप्प होतो, कारण चर्चा संपली हे कशावरून ओळखायचे ते कोणालाच ठाऊक नसते.

स्वतः तयार केलेली कार्याची पत्रिका, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा कागद, तपासण्याचा सोपा उपाय असा: तास संपल्यावर विद्यार्थ्याला ‘आज काय केलेत?’ असे विचारले, तर त्याच्या तोंडून कोणते उत्तर येईल याची कल्पना करावी. ‘तुलनेची वाक्ये म्हटली’ असे येणार असेल, तर आपण सरावालाच नवे कपडे घातले आहेत.

तफावतीचे तीन प्रकार एन. एस. प्रभू यांनी सांगितले. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांमध्ये त्यांनी इंग्रजी अध्यापनाचा जो प्रयोग चालवला आणि जो पुढे बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला गेला, त्यातून ही मांडणी आली. पहिल्या प्रकारात एकाजवळची माहिती दुसऱ्याजवळ नसते. दुसऱ्यात माहिती सर्वांपुढे असते, पण तिच्यावरून तर्काने काही नवे काढायचे असते, उदाहरणार्थ वेळापत्रक पाहून दोन ठिकाणच्या भेटी एका दिवसात जमतील का ते सांगणे. तिसऱ्यात प्रत्येकाने आपले मत किंवा पसंती मांडायची असते. प्रभूंचा कल दुसऱ्या प्रकाराकडे होता, कारण माहितीची देवाणघेवाण एकेका शब्दावर उरकता येते आणि मत मांडणे हे भाषा कच्ची असताना फार अवघड जाते. पहिल्या तासासाठी मात्र पहिल्या दोन प्रकारांची सांगड घालावी, असे माझे मत आहे: माहिती वाटलेली असावी आणि ती एकत्र आल्यावर तर्कही करावा लागावा.

पहिली पायरी: निष्पन्न आधी ठरवावे

तासाची आखणी व्याकरणाच्या मुद्द्यापासून सुरू करू नये. विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर या भाषेत काय करावे लागते, ते आधी विचारावे. भाषाशिक्षणाचेच अभ्यासक मायकल लाँग यांनी गरजांच्या पाहणीवर जो भर दिला, त्यामागे हाच विचार होता की रुग्णालयात काम करणाऱ्याला आणि विद्यापीठात व्याख्याने ऐकणाऱ्याला एकच अभ्यासक्रम देऊन भागत नाही. पाहणी म्हणजे मोठे सर्वेक्षणच हवे असे नाही. ‘गेल्या आठवड्यात ही भाषा कोठे अडली?’ हा एक प्रश्न विचारून आलेली उत्तरे टिपून ठेवली, तरी महिनाभराची कार्ये मिळतात.

समजा, राहायला जागा शोधताना अडचण आली असे चार-पाच जणांनी सांगितले. त्यावरून पुढील कार्य रचता येते. एक भाडेकरू आहे. तो रात्रपाळी करतो, त्याचे गुडघे दुखतात, स्वयंपाक स्वतः करण्याची त्याला आवड आहे आणि त्याचे उत्पन्न बेताचे आहे. खोल्या तीन आहेत. पहिली स्वस्त आणि मोठी, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दुसरी तळमजल्यावर आहे, स्वयंपाकाची सोयही आहे, परंतु समोरच शाळेचे मैदान आहे. तिसरी शांत आहे, लिफ्ट आहे, पण स्वयंपाकघर इतरांसह वापरायचे आणि भाडे सर्वांत जास्त. गटाने एक खोली निवडायची, तिची दोन कारणे द्यायची आणि त्या खोलीतील एका गैरसोयीवर तोडगा सुचवायचा.

एकही खोली सर्व बाजूंनी योग्य नाही, हे मुद्दाम केले आहे. एक उत्तर उघडच बरोबर असेल, तर चुणचुणीत विद्यार्थी ते अर्ध्या मिनिटात सांगून मोकळा होतो. तोडग्याची अट घातली नाही तर कारणे देऊन काम आटोपते. ती घातल्यामुळे ‘असे केले तर’, ‘त्याऐवजी’, ‘चालेल का’ अशी बोलण्याची वळणे आपोआप लागतात.

दुसरी पायरी: माहिती वाटून द्यावी

गट तिघांचा करावा आणि प्रत्येकाच्या हाती एकाच खोलीची पत्रिका द्यावी. भाडेकरूची माहिती तिघांनाही द्यावी. पत्रिका एकमेकांना दाखवायच्या नाहीत, हे सांगून पुरत नाही. मी पहिल्यांदा असे कार्य घेतले, तेव्हा तिघांनी पत्रिका बाकावर शेजारी शेजारी मांडल्या, बोटाने एक खोली दाखवली आणि तीन मिनिटांत काम संपल्याचे जाहीर केले. दोष त्यांचा नव्हता. समोरचा कागद वाचणे सोपे असताना बोलण्याचे कष्ट कोण घेईल? तेव्हापासून मी पत्रिका दोन मिनिटे वाचायला देऊन परत घेतो आणि फक्त चार शब्द टिपून ठेवण्याची मुभा देतो.

पत्रिकेवरील मजकूर तुटक ठेवावा: ‘तिसरा मजला. लिफ्ट नाही. भाडे कमी.’ पूर्ण वाक्ये दिली की विद्यार्थी ती वाचून दाखवतात. गटातला सर्वांत अबोल विद्यार्थी कोण हे ठाऊक असेल, तर ज्या खोलीशिवाय निर्णय होऊच शकत नाही, तिची पत्रिका त्याच्याकडे जाईल असे पाहावे. बोलका विद्यार्थी निर्णय नोंदवून घेण्याच्या कामावर नेमला की त्याला इतरांचे ऐकणे भाग पडते.

तिसरी पायरी: स्वतः करून पाहावे

ही पायरी वेळखाऊ वाटते म्हणून गाळली जाते आणि मग वर्गात पस्तावण्याची वेळ येते. दोन-तीन सहकाऱ्यांना, किंवा ती भाषा उत्तम बोलणाऱ्या कोणालाही, तेच कार्य करायला सांगावे आणि दोन-तीन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. यातून तीन लाभ होतात. सूचनांतली संदिग्धता उघडी पडते, कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज येतो, आणि सफाईदार बोलणारे अशा वेळी खरोखर कोणती भाषा वापरतात ते कळते. आपण ‘अधिक’ आणि ‘सर्वाधिक’ शिकवायचे ठरवलेले असते आणि मुद्रणात ऐकू येते ते ‘तेवढं सोडलं तर बरी आहे’, ‘त्याला परवडायला नको का?’ असे. हे मुद्रण जपून ठेवावे. ते पुढे लागणार आहे.

चौथी पायरी: वर्गात सुरुवात

एक तासाचा वर्ग असेल, तर सुरुवातीला दहा मिनिटे, कार्याला बारा, मांडणीच्या तयारीला दहा, मांडणीला दहा आणि भाषेच्या निरीक्षणाला पंधरा, अशी वाटणी साधारणपणे जमते. जेन विलिस यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या चौकटीत हेच टप्पे आहेत: पूर्वतयारी, मग कार्य, तयारी आणि मांडणी यांचे चक्र, आणि अखेरीस भाषेवर लक्ष.

सुरुवातीच्या दहा मिनिटांत विषय मनात जागा करायचा असतो. ‘राहण्याची जागा निवडताना तुम्ही आधी काय पाहता?’ असा प्रश्न टाकावा आणि आलेले शब्द फळ्यावर लिहावेत. न आलेले दोन-तीन आवश्यक शब्द स्वतः भरावेत. वाक्यरचना लिहू नयेत. फळ्यावर ‘ही खोली त्या खोलीपेक्षा …’ असे एकदा लिहिले की पुढची बारा मिनिटे वर्ग तेच वाक्य भरत बसतो आणि आपण पुन्हा सरावाला जाऊन पोहोचतो.

पुढ्यातले काम नीट समजावे यासाठी प्रभूंच्या प्रकल्पातली युक्ती उत्तम आहे. तेथे शिक्षक मुख्य कार्यासारखेच दुसरे कार्य आधी सगळ्या वर्गाबरोबर, प्रश्नोत्तरे करत सोडवीत असे आणि त्यानंतर विद्यार्थी मूळ कार्य आपापले करीत. एक वेगळा भाडेकरू आणि दोनच खोल्या घेऊन हे चार मिनिटांत करता येते. सूचनांचे लांबलचक स्पष्टीकरण देण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक ठरते. (प्रभूंनी गटकार्याला मात्र जवळ केले नाही, एकमेकांची सदोष भाषा मुरेल अशी त्यांना धास्ती होती. पुढच्या बहुतेकांनी गटकार्य स्वीकारले, पण ती धास्ती अगदीच निराधार नव्हती आणि सहाव्या पायरीत तिचा विचार करावा लागतो.)

पाचवी पायरी: काम चालू असताना दूर राहावे

शिक्षकाला सर्वांत जड जाणारी पायरी ही. गट बोलू लागले की चुका कानावर पडतात: ‘तो जिना चढता येत नाही’, ‘दुसरी खोलीपेक्षा ही शांत’. जीभ वळवळते, पण दुरुस्ती करू नये. विद्यार्थ्याचे अवधान मर्यादित असते. अर्थ, प्रवाह, अचूकता आणि रचनेची गुंतागुंत या सर्वांकडे एकाच वेळी सारखे लक्ष देणे त्याला जमत नाही, हे कार्याधारित शिक्षणाचे संशोधक पीटर स्केहन यांच्या मांडणीचे सार आहे. या क्षणी ते अवधान खोली निवडण्यावर आहे आणि तेथेच राहू द्यावे.

हात बांधून बसावे असा याचा अर्थ नाही. हातात कागद घेऊन दोन रकाने आखावेत. एकात अनेकांना नडलेल्या जागा टिपाव्यात, दुसऱ्यात कोणी साधलेले नेमके, सुंदर बोलणे. संवाद खरोखर अडला तरच मध्ये पडावे, आणि तेही बोलण्याचा भाग म्हणून. विद्यार्थी म्हणाला, ‘तो भाडे परवडत नाही’, तर ‘बरोबर, त्याला भाडे परवडत नाही, मग काय करायचे?’ असे म्हणून पुढे जावे. योग्य रूप कानावर पडते आणि संभाषणही थांबत नाही. अशी सौम्य पुनरुक्ती पुष्कळदा विद्यार्थ्याच्या लक्षातच येत नाही, हे खरे आहे. म्हणून तर सातवी पायरी आहे.

वेळेची मर्यादा कडक आणि किंचित अपुरी ठेवावी. एक-दोन गटांचे काम थोडे बाकी असतानाच थांबवलेले बरे. सगळ्यांचे संपण्याची वाट पाहिली, तर आधी संपवलेले गट आपल्या मातृभाषेत गप्पा मारू लागतात.

सहावी पायरी: मांडणी, आणि तिची तयारी

वेळ कमी पडला की शिक्षक प्रथम ही पायरी कापतात. माझ्या मते कापायचीच असेल तर सुरुवात कापावी, ही नव्हे. कारण असे: गटात आपसांत बोलताना तुटक भाषा, हातवारे आणि ‘ते… ते वरचे’ एवढ्यावर काम भागते. खोली निवडली जाते, भाषा जागची हलत नाही. प्रभूंच्या धास्तीला उत्तर द्यायचे तर ते येथेच. सगळ्या वर्गापुढे उभे राहून निर्णय सांगायचा म्हटले की तोच विद्यार्थी विचारतो, ‘दुसरी खोलीपेक्षा की दुसऱ्या खोलीपेक्षा?’ अचूकतेची निकड त्याला आता स्वतःहून वाटू लागते.

मेरिल स्वेन यांनी कॅनडातील इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठीच्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून १९८५ मध्ये जे मांडले, ते येथे आठवावे. त्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे फ्रेंचमध्ये विषय शिकले होते, त्यांचे आकलन चांगले होते, तरी त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाचे दोष टिकून होते. नुसते समजण्याने भागत नाही, नेमके बोलण्याची गरजही पडावी लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मांडणी ही ती गरज निर्माण करते.

तयारीच्या दहा मिनिटांत शिक्षकाची भूमिका पालटते. आता तो गटागटांत फिरतो, शब्द पुरवतो, वाक्य सुधारायला मदत करतो, विचारले तर नियमही सांगतो. बोलणारा कोण हे गटाला ठरवू द्यावे, पण लागोपाठच्या दोन तासिकांना तोच जण बोलणार नाही एवढी अट ठेवावी. संपूर्ण मजकूर लिहून वाचू देऊ नये. मुद्द्यांची चिठ्ठी पुरे.

मांडणीच्या वेळी इतर गटांना ऐकण्याचे कारण द्यावे, नाहीतर दुसऱ्या गटानंतर कोणी ऐकत नाही. ‘कोणत्या गटाने तुमचीच खोली निवडली, पण वेगळ्या कारणासाठी?’ हा प्रश्न आधी फळ्यावर लिहून ठेवावा. वर्ग मोठा असेल तर सर्व गटांची मांडणी ऐकण्याचा हट्ट धरू नये. दोन दोन गट समोरासमोर बसवून एकमेकांना निर्णय सांगायला लावावेत आणि सगळ्या वर्गापुढे फक्त तीन गटांना बोलवावे.

सातवी पायरी: आता भाषेकडे

जपून ठेवलेले ध्वनिमुद्रण येथे ऐकवावे. विद्यार्थी नुकतेच तेच काम करून बसलेले असल्यामुळे ‘या लोकांनी कोणती खोली निवडली?’ याची त्यांना खरीच उत्सुकता असते. दुसऱ्यांदा ऐकवताना लिखित प्रत हाती द्यावी आणि एक शोध सोपवावा, जसे की ‘त्याला’ या शब्दाने सुरू होणारी सर्व वाक्ये अधोरेखित करा. ‘त्याला जिना चढता येत नाही’, ‘त्याला भाडे परवडणार नाही’, ‘त्याला दिवसा झोपायचे असते’ अशी वाक्ये एकाखाली एक आली की मराठीत क्षमता, ऐपत आणि निकड सांगताना माणसाला ‘ला’ लागतो आणि क्रियापद त्या माणसाप्रमाणे बदलत नाही, हे विद्यार्थी स्वतः सांगू लागतात. शिक्षकाने त्याला नाव द्यावे, हवे तर.

नंतर आपल्या कागदावरचे दोन रकाने काढावेत. चुकीची चार-पाच वाक्ये, कोणाची ते न सांगता, फळ्यावर लिहून वर्गाकडून दुरुस्त करून घ्यावीत, आणि साधलेली दोन वाक्ये मात्र बोलणाऱ्याचे नाव घेऊन लिहावीत. दहा मुद्दे टिपले असतील, तरी दोनच घ्यावेत. ‘दुसरी खोलीपेक्षा’ ही चूक निम्म्या वर्गाची असेल, तर सामान्यरूपाचा पाच मिनिटांचा चोख सराव करून घ्यायला येथे काहीच हरकत नाही. कार्याधारित शिक्षणात व्याकरण नसते, हा समज चुकीचा आहे.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही गोष्टी

ज्यांना अजून बोलताच येत नाही अशा वर्गात काय करावे? अगदी नवशिक्यांसाठी ऐकून करण्याची कार्ये असतात. शिक्षक वर्णन करतो आणि विद्यार्थी रिकाम्या खोलीच्या आराखड्यात वस्तू योग्य जागी काढतात; निष्पन्न म्हणजे पुरा झालेला आराखडा. बोलण्याची सक्ती नाही, तरी चारही कसोट्या पाळल्या जातात.

मातृभाषेचा वापर पूर्ण बंद करणे मला व्यवहार्य वाटत नाही. सूचना समजून घेताना आणि तयारी करताना थोडी मोकळीक असावी. खोलीविषयीची देवाणघेवाण आणि मांडणी मात्र शिकत असलेल्या भाषेतच व्हावी. एखादा गट सतत मातृभाषेकडे वळत असेल, तर तो आळस नसून कार्य अवघड झाल्याची ती खूण असते. कार्याची काठिण्यपातळी पारखण्यासाठी प्रभूंनी एक ढोबळ माप दिले आहे: वर्गातील किमान निम्म्या विद्यार्थ्यांना किमान निम्मे काम जमले, तर कार्य त्या वर्गासाठी योग्य.

ठरलेला अभ्यासक्रम पुरा करायचा आहे आणि पुस्तक नियमांच्या क्रमाने लिहिलेले आहे, ही अडचण सर्वांत मोठी. पुस्तक टाकून देण्याची गरज नाही. पाठाच्या शेवटी दिलेला संवादाचा स्वाध्याय आधी घ्यावा, त्यातली काही माहिती काढून दोघांत वाटावी, काय ठरवायचे ते स्पष्ट करावे आणि पाठातला नियम सातव्या पायरीवर न्यावा. पान तेच राहते, क्रम बदलतो.

गुणदानाच्या वेळी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: काम पार पडले का, आणि कोणत्या भाषेत पार पडले. भाषा अशुद्ध असूनही ज्याने ऐकणाऱ्याला योग्य खोलीपर्यंत नेले त्याला पहिल्या भागाचे पूर्ण गुण मिळावेत. निर्दोष पण असंबद्ध बोलणाऱ्याला मिळू नयेत.

कार्य पुन्हा घेणे

आठवड्याने हेच कार्य, खोल्या त्याच पण भाडेकरू वेगळा ठेवून, पुन्हा घ्यावे. ‘हे झाले आहे’ अशी कुरकूर होईल. परंतु दुसऱ्या खेपेला काय सांगायचे हे शोधण्यात शक्ती खर्च होत नसल्यामुळे कसे सांगायचे याकडे लक्ष जाते, वाक्ये लांबतात आणि आधीच्या तासाला फळ्यावर आलेली रूपे आता बोलण्यात दिसू लागतात. या वेळी भाडेकरूला एक लहान मूल आणि एक कुत्रा द्यावा. मैदानासमोरची खोली, जी पहिल्या वेळी बहुतेक गटांनी आवाजामुळे नाकारली असेल, ती आता अचानक सर्वांना हवीशी वाटू लागते. मग तिसऱ्या खोलीच्या सामाईक स्वयंपाकघरात कुत्रा चालेल का, यावरून जो वाद पेटतो, त्यासाठी बारा मिनिटांऐवजी पंधरा राखून ठेवावीत.